कान फुटलेली मुले आणि कायद्याचे कलम २५

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या तालुक्यातील एका वस्तीतून एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या कार्यालयात आली. "वकीलसाहेब, मास्तरनं पोरीच्या गालावर बोटं उठवली. केस करा," एवढेच तिचे म्हणणे होते. शाळेत मुलाला मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, हे आम्हाला पाठ आहे. आम्ही लगेच कागद पुढे ओढला. मुलीकडे पाहून नाव विचारले, तिने सांगितले. इयत्ता विचारली, तीही सांगितली. मग खाली मान घालून लिहिता लिहिता विचारले, "सरांनी कशानं मारलं?" उत्तर नाही. पुन्हा विचारले. उत्तर नाही. आम्हाला वाटले, पोर भेदरली आहे. मान वर करून तोच प्रश्न केला तेव्हा ती चटकन म्हणाली, "हातानं."

आमच्याकडे टंकलेखनाचे काम करणाऱ्या ताई बाजूलाच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, ती तुमच्या तोंडाकडं बघून बोलते. तुम्ही खाली बघून बोललात की तिला कळत नाही."

वीस वर्षे साक्षीदारांचे चेहरे वाचण्याचा धंदा आम्ही करतो आणि समोर बसलेल्या लेकराला ऐकू येत नाही हे आम्हाला कळले नाही. आईला विचारले तर ती सहज बोलून गेली, "कान वाहतो तिचा. लहानपणापासूनच. मोठी झाली की राहील म्हणतात." मुलीच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. तेल लावून घट्ट बसवलेल्या केसांत ते झाकले गेले होते, पण जवळ गेल्यावर वास येत होता.

जिल्ह्याच्या गावी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तिला नेले. दोन्ही कानांच्या पडद्यांना भोके. ऐकण्याच्या चाचणीत एका कानाचा तोटा ४५ डेसिबलचा, दुसऱ्याचा ५० चा. आपण एकमेकांशी समोरासमोर बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. म्हणजे या मुलीला तोंडासमोरचे बोलणे कुजबुजीसारखे पोहोचते आणि वर्गाच्या मागच्या बाकावर तेवढेही पोहोचत नाही. ती तीन वर्षे मागच्या बाकावर बसत होती.

मग आम्ही शिक्षकांना भेटलो. ते आमच्याच समाजाचे निघाले, चळवळीतले, घरात बाबासाहेबांचे खंड असलेले. एका खोलीत दोन इयत्ता, वर पत्र्याचे छप्पर, बाहेर पाऊस. ते म्हणाले, "साहेब, चार वेळा विचारलं तरी ती नुसती बघत राहायची. मला वाटलं मुद्दाम करते." त्यांनी मारले ही चूकच, तिचे समर्थन आम्ही करणार नाही आणि तसे त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांचे डोळे भरून आले. परंतु प्रत्येक वेळी जातीचे गणित मांडून मोकळे होण्याची आम्हा कार्यकर्त्यांना जी सवय लागली आहे, तिला या ठिकाणी उत्तर मिळाले नाही. मारणारा हात आपला होता आणि न ऐकणारा कानही आपलाच होता. दोघांच्या मध्ये जी व्यवस्था उभी असायला हवी होती, ती तेथे नव्हती.

आता हा कान फुटतो कसा ते पाहू, कारण आपल्या वस्त्यांत याविषयी इतके गैरसमज आहेत की त्यावरच एक पुस्तक होईल. कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी असते आणि तेथून एक नळी नाकाच्या मागच्या बाजूस घशात उघडते. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मुलाची ही नळी आखूड आणि आडवी असते. सर्दी झाली, घसा सुजला, नाकामागच्या गाठी वाढल्या की घशातील जंतू या नळीतून थेट कानात जातात. आत पू साठतो, पोराला रात्रभर कळ लागते आणि एके दिवशी पडदा फुटून पू बाहेर येतो. कळ थांबते. घरच्यांना वाटते बरे झाले. वास्तविक आजार तेथूनच मुक्कामाला बसतो. पुढे प्रत्येक सर्दीत, नदीविहिरीतील प्रत्येक पोहण्यात कान पुन्हा वाहू लागतो.

यावर आपण काय करतो? लसूण कडवून गरम तेल कानात सोडतो. आगकाडीने, केसाच्या आकड्याने कोरतो. जत्रेत कान कोरणाऱ्यापुढे पोराचे डोके धरून बसतो. फुटलेल्या पडद्यातून तेल आत गेले म्हणजे जंतूंना मेजवानीच. डॉक्टर मंडळी सांगतात तो उपाय अगदी साधा आहे. स्वच्छ कापडाची किंवा कापसाची वात करून कान पुन्हा पुन्हा कोरडा करायचा, डॉक्टरांनी लिहून दिलेले प्रतिजैविकाचे थेंब सांगितले तितके दिवस घालायचे, अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला बोळा ठेवून पाणी आत जाऊ द्यायचे नाही. कान कोरडा राहिला की भोक भरण्याची शस्त्रक्रिया करता येते. मात्र एक प्रकार धोक्याचा आहे. पू थोडाच येतो पण त्याला घाण वास असतो. आपल्याकडे त्याला कानाचे हाड सडणे म्हणतात. तो हाड खात आत सरकतो आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. यासाठी शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही, आणि तेथे "मोठी झाली की राहील" हा सल्ला जिवावर बेततो.

हा आजार कोणाच्या घरी जातो, हे सांगायला वैद्यकीय पदवी लागत नाही. एका खोलीत सात माणसे, चुलीचा धूर, पोटात पुरेसे अन्न नाही, एकाची सर्दी सगळ्यांना, आणि दवाखाना म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली वाहत्या कानाच्या आजारावर स्वतंत्र अहवाल काढला. ज्या लोकसंख्येत याचे प्रमाण चार टक्क्यांच्या वर आहे तेथे हे तातडीने हाताळावयाचे मोठे सार्वजनिक संकट समजावे असे त्यात म्हटले आहे आणि भारताला त्याच सर्वांत वरच्या गटात टाकले आहे. त्याच संघटनेने २०१६ साली सांगितले की, मुलांतील श्रवणदोषापैकी सुमारे ६० टक्के टाळता येण्याजोगा आहे. श्रीमंत देशांत हे प्रमाण ४९ टक्के, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ७५ टक्के. याचा अर्थ असा की, आपल्याकडील चार मुलांपैकी तिघांचे ऐकणे वाचवता आले असते. ते नशिबाने गेलेले नाही.

घशाचेही तसेच. वारंवार येणारा घशाचा एक विशिष्ट जंतुसंसर्ग उपचाराविना राहिला तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. पुढे विशीत, बाळंतपणात, दम लागतो तेव्हा कळते. शाळेत एकदा घसा नीट पाहून वेळेवर औषध दिले असते तर हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी वर्गणी गोळा करण्याची पाळी आली नसती. अशा वर्गण्या आम्ही केल्या आहेत म्हणून लिहितो. तोंड उघडे टाकून झोपणारे, घोरणारे, वर्गात पेंगणारे मूल आळशी ठरते. पुष्कळदा त्याच्या नाकामागे गाठी वाढलेल्या असतात आणि कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलेले असते. त्याचा कान वाहतही नाही, दुखतही नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नाही.

वर्गात काय होते ते आता लक्षात येईल. फळ्याजवळून निघालेला आवाज जितका दूर जाईल तितका क्षीण होतो. स, फ, थ, ख अशी हलकी व्यंजने तर आधीच बारीक. मूल 'सात' ऐकते की 'आठ' ऐकते हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते. गणित चुकते, मार बसतो, मग ते विचारणेच सोडून देते. चौथीपर्यंत त्याला 'ढ' ही पदवी मिळते आणि आठवीनंतर ते वीटभट्टीवर दिसते. ज्या समाजाच्या मुलांना एकेकाळी वर्गाबाहेर गोणपाटावर बसवले गेले, त्या समाजाची मुले आज वर्गात बसूनही धडा बाहेरच राहतो, आणि पटावर मात्र शंभर टक्के हजेरी.

आता सरकारकडे वळू. सरकार काहीच करत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये २५ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला आणि नंतर वाढवला गेला. त्यापाठोपाठ राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्याचा देशपातळीवरचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शासकीय व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. तपासावयाच्या ३० आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे, कानाचा संसर्ग आहे, श्रवणदोष आहे, संधिवाताने होणारा हृदयविकारही आहे. कागद उत्तम आहे. तो कोणी दोष काढावा असा नाही.

दोष कोठे आहे ते शाळेच्या ओसरीवर उभे राहून पाहावे. पथकाची गाडी येते. दिवसभरात शंभराच्या वर मुले संपवायची असतात. वजन, उंची, डोळे, दात, कातडी, कान, हृदय. एका मुलाच्या वाट्याला तीन-चार मिनिटे. कानासाठी टॉर्च आणि प्रश्न, "बाळा, ऐकू येतं का?" आता हा प्रश्न ऐकू न येणाऱ्या मुलाला समोरून, ओठ दिसतील असा विचारला की ते मान डोलावणारच. आमच्या अशिलाने असेच तीन वर्षे डोलावले. तिच्या तपासणी कार्डावर तीनही वर्षी कानापुढे 'सामान्य' लिहिलेले आम्ही स्वतः पाहिले. आम्ही त्या डॉक्टरांना दोष देत नाही. कंत्राटी नेमणूक, खडबडीत रस्ता, वर लक्ष्य. ऐकण्याची खरी चाचणी म्हणजे कानावर हेडफोन लावून वेगवेगळ्या उंचीचे स्वर हळूहळू कमी करीत ऐकवणे. तिला शांत खोली लागते आणि यंत्र लागते. जेथे पत्र्यावर पाऊस वाजतो तेथे ती होणे नाही.

आणि समजा संशय आला, तर? मुलाला चिठ्ठी मिळते. ग्रामीण रुग्णालयात जा, तेथून जिल्ह्याला जा. आई मजुरी सोडून जाते, तेव्हा कानाचे डॉक्टर आठवड्यातून ठरावीक दिवशीच बसतात असे कळते. दुसऱ्या खेपेला यंत्र नादुरुस्त. तिसरी खेप होत नाही. आम्ही माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाकडे या तपासणीचा तपशील मागितला. उत्तरात तपासलेल्या मुलांचा आकडा होता, पुढे पाठवलेल्या मुलांचा आकडा होता. त्यापैकी किती जण प्रत्यक्ष पोहोचले आणि किती कान कोरडे झाले, याचा रकानाच त्या तक्त्यात नव्हता.

कायदा याविषयी काय सांगतो हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील कलम २५ प्रमाणे शासनाने व स्थानिक प्राधिकरणाने सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करून धोक्यातील मुले शोधावयाची होती. मात्र कलमाच्या आरंभीच एक पळवाट होती, 'आर्थिक क्षमता व विकासाच्या मर्यादेत राहून'. सरकारी वकिलाने उभे राहावे, ही ओळ वाचावी आणि खाली बसावे, इतके ते सोपे होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे, योगायोगाने कलमाचा क्रमांक २५ च राहिला. पोटकलम (२) च्या खंड (क) मध्ये वार्षिक तपासणीचे कर्तव्य तसेच आहे, पण आर्थिक क्षमतेची ती ओळ तेथे नाही. अलीकडच्या कलम २४ मध्ये, सामाजिक सुरक्षेच्या योजनांबाबत, ती ठेवलेली आहे. संसदेने एका कलमात शब्द ठेवले आणि लगतच्या कलमात ठेवले नाहीत, तर त्याला अर्थ असतो, हा कायद्याचा अर्थ लावण्याचा जुना नियम आहे. पैसा नाही म्हणून तपासणी नाही, हे उत्तर आता शासनाला देता येऊ नये. आणि 'तपासणी' या शब्दाचा अर्थ गाडी शाळेत आली असा होत नाही, धोक्यातील मूल ओळखले गेले पाहिजे, कारण कलमात हेतू तसाच लिहिलेला आहे. आमच्या मते या खंडाचा पुरेसा वापर आपण केलेला नाही. आरक्षण, प्रमाणपत्र, नोकरी यांसाठी आपण हा कायदा उघडतो आणि मधली पाने न वाचता मिटतो.

त्याच कायद्यात एक खाच आहे, तीही सांगितली पाहिजे. दोन्ही कानांत ७० डेसिबल तोटा असेल तर 'कर्णबधिर', ६० ते ७० असेल तर 'ऐकू कमी येणारी व्यक्ती' अशी व्याख्या आहे. आमची मुलगी ४५ आणि ५० वर. म्हणजे कायद्याने ती दिव्यांग नाही. मोफत श्रवणयंत्र देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेला ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, ते तिला मिळणार नाही. शाळेच्या दृष्टीने ती आजारीही नाही, कारण तिला ताप नाही. वाहत्या कानाची बहुतेक मुले याच ३० ते ५० च्या पट्ट्यात अडकलेली असतात. म्हणूनच त्यांच्यासाठी प्रमाणपत्राची रांग कामाची नाही, त्यांना तपासणी आणि उपचार यांचाच आधार आहे. दिव्यांग ठरण्यापूर्वी कान वाचवणे हाच कलम २५ चा उद्देश आहे.

जन्मजात बहिऱ्या बाळांचा प्रश्न वेगळा आणि आणखी घाईचा आहे. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचाराला सुरुवात, असा जगन्मान्य दंडक आहे. आपल्याकडे 'बाळ उशिरा बोलेल, त्याचे वडीलही उशिरा बोलले' असे म्हणत चार वर्षे जातात आणि कानात शस्त्रक्रियेने यंत्र बसवण्याचे सरकारी वयच उलटून जाते. त्यावर पुन्हा कधीतरी लिहू.

ऊसतोडीच्या मुलांबद्दल मात्र येथेच बोलले पाहिजे, कारण आमचा भाग त्यांचा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. या सहा महिन्यांत पथक शाळेत आले तर पोर फडावर, आणि फडावर कोणते पथक त्याला शोधणार? थंडी, पाचटाची खोपी, जवळ दवाखाना नाही. कान फुटण्याला याहून सोयीचे हवामान मिळायचे नाही. औषध सुरू झालेच तर निम्म्यात सुटते. ज्या तालुक्यांतून टोळ्या जातात तेथील तपासणी जून ते सप्टेंबर या काळातच व्हावी, आणि मुलाचे कार्ड त्याच्याबरोबर कारखान्याच्या तालुक्यात जावे, एवढी साधी गोष्ट नियोजनात का बसू नये? कारखान्याकडे प्रत्येक कोयत्याची नोंद असते, उचल किती दिली याची पै न पै नोंद असते. त्या कोयत्यामागे चालणाऱ्या लेकराची नोंद ठेवणे अशक्य आहे हे आम्हाला पटत नाही.

विनाअनुदानित इंग्रजी शाळांत आपली मुले मोठ्या संख्येने जाऊ लागली आहेत. कर्ज काढून फी भरणाऱ्या पालकांना हे माहीत नसते की बाल स्वास्थ्य पथक त्या शाळेत येतच नाही, त्याची कक्षा शासकीय व अनुदानित शाळांपुरती आहे. टाय बांधलेल्या मुलाचा कान वाहतच नाही असे बहुधा योजनाकारांनी गृहीत धरले असावे.

उपचाराच्या सोयी राज्यात नाहीत असेही नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण दिव्यांगत्वासाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचा विभाग आहे. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्यात, त्यासाठी देयकांच्या दोन टक्के रकमेचा निधी वेगळा काढावा, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली. ही सर्व दारे आहेत. पण वाहत्या कानाच्या मुलीला खरी गरज आहे ती वीस रुपयांच्या एसटीच्या अंतरावर, ग्रामीण रुग्णालयात, एक चालू यंत्र, ते चालवणारा माणूस आणि औषधाच्या कपाटात कानाचे थेंब यांची. तेवढे झाले तर मुंबईचे दार फार थोड्यांना ठोठवावे लागेल.

आता थोडे आपल्याकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपले लोक त्या समितीत खिचडीच्या तांदळावरून भांडतात, ते भांडलेच पाहिजे. त्याच बैठकीत 'यंदा कान कसे तपासले' हाही प्रश्न विचारावा. यंत्र येईपर्यंत शिक्षकांना एक साधी चाचणी करता येते. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहायचे, त्याच्या एका कानाच्या भोकावरील पाळी बोटाने दाबून हलवत राहायचे आणि दुसऱ्या कानामागून कुजबुजत दोन-तीन शब्द म्हणायचे. मुलाने ते परत म्हणायचे. मग दुसरा कान. ज्याला जमत नाही त्याला डॉक्टरकडे न्यायचे आणि तोवर पहिल्या बाकावर बसवायचे. ही चाचणी यंत्राची जागा घेत नाही, परंतु "ऐकू येतं का?" या प्रश्नापेक्षा ती शंभर पटीने प्रामाणिक आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही, मग कोणाला राग येवो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे आपण चार-पाच वर्षांची मुले खांद्यावर घेऊन नाचतो. गणपतीतही तेच चालते, पण दुसऱ्याच्या मांडवाकडे बोट दाखवून आपला आवाज कमी होत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. फुटलेला पडदा तरी शिवता येतो. आवाजाने आतल्या कानातील पेशी मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. गेल्या जयंतीला आमच्या वस्तीत आम्ही हे बोललो तेव्हा तरुणांनी आम्हाला म्हातारे ठरवले. यंदा डीजेच्या पैशातून निम्मे काढून त्याच विहारात कान तपासणीचे शिबिर घ्यावे असा प्रस्ताव मांडला आहे. दोन मंडळे तयार झाली आहेत, तिसऱ्याशी बोलणी चालू आहेत.

त्या मुलीचे कान आता कोरडे आहेत. थेंब आणि वात, तीन महिने तिच्या आईने एक दिवस चुकवला नाही. सर पहिल्या बाकावर बसवून, तिच्याकडे तोंड करून शिकवतात. एका पडद्याची शस्त्रक्रिया उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरली आहे, दुसरी त्यानंतर. मारहाणीची तक्रार आईने स्वतःहून मागे ठेवली. त्याऐवजी कलम २५(२)(क) चा हवाला देऊन, तालुक्यातील प्रत्येक मुलाची ऐकण्याची चाचणी यंत्राने व्हावी आणि पुढे पाठवलेल्या मुलांचे काय झाले याची नोंदवही ठेवावी, असा अर्ज आम्ही तिच्या अंगठ्यानिशी दाखल केला. अर्जासोबत तिच्या मुलीची 'सामान्य' लिहिलेली तीन कार्डे जोडली आहेत. पोच मिळाली आहे. साठ दिवसांची मुदत दिली आहे, त्यानंतर रिट याचिकेचा मसुदा तयार आहे. अन्य तालुक्यांतील कार्यकर्त्यांकडे अशी कार्डे असतील तर ती जपून ठेवावीत व आम्हाला कळवावे.